चोपन्न धागे

जळगाव, ११ जानेवारी १९७०

झुलाल मिस्तरी यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. मी अभयकुमार, दलिचंद शेठजींचा मुलगा. पिंप्राळ्याच्या रस्त्याला आमची डाळमिल आहे, तिथली माल चढवायची लिफ्ट तुम्हीच अठ्ठावन्न साली बसवलीत. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि पाचगणीला बोर्डिंगमध्ये होतो. शाळा सगळी इंग्रजी, त्यामुळे मराठी बोलतो तसंच लिहितो. चुकलं तर हसा, पण उत्तर द्या.

यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि बाबूजींनी मला मिलमध्ये घेतलं. आल्या दिवसापासून मी त्या लिफ्टच्या प्रेमात आहे. हमाल तिला पाळणा म्हणतात. काय सुंदर काम आहे हो. एक लाकडी फळी, दोन खांब, वर मोटरने फिरणारी पुली, एक दोर, बस. पण फार हळू चालते. तिसऱ्या मजल्यावर जायला सव्वादोन मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. तूर यायला लागली की खाली पोत्यांची रांग लागते आणि बाबूजी माझ्याकडे बघतात, जसं काही मीच पोती अडवली आहेत.

मला वाटतं, वरची पुली मोठी बसवली तर दीड मिनिटात काम होईल. तुमच्याकडे ड्रॉइंग आहे का? आणि फळीखाली दातांचं एक लोखंडी प्रकरण आहे, ते काय आहे? इथे कोणालाच नीट सांगता येत नाही. तोताराम नावाचा जुना हमाल आहे, तो म्हणतो, "त्याले घोडा म्हनतस. झुलालनानाले इचारा." म्हणून विचारतो.

तुमचा,
अभयकुमार


धुळे, १७ जानेवारी १९७०

अभयशेठ यांना झुलाल मिस्तरीचा रामराम.

पत्र मिळालं. चुका सापडल्या नाहीत, मी शोधल्याही नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे आपलं जमेल.

ड्रॉइंग नाही. लिफ्ट डोक्यात होती, डोक्यातून खांबावर उतरवली. घोडा म्हणजे काय ते सांगतो, नीट वाचा. दोर ताठ असतो तोवर घोड्याचे दात मिटलेले असतात. दोर तुटला, ढिला पडला, की स्प्रिंग दात बाहेर फेकते. ते दोन्ही बाजूंच्या खांबांत रुततात आणि फळी जागच्या जागी थांबते. बाकीची लिफ्ट पोत्यांसाठी आहे. घोडा माणसासाठी आहे.

बसवली त्या दिवशी मी दहा पोती ठेवली आणि वर स्वतः उभा राहिलो. दोराच्या कडीत लाकडी खीळ घातली, ती निघाली की फळी दोरातून सुटते, खिळीला सुतळी बांधली, सुतळी तोतारामच्या हातात दिली. तेव्हा तो विशीतला पोरगा होता. त्याला म्हटलं, ओढ, पण कधी ओढणार ते मला सांगू नको. सांगून ओढली तर माणूस गुडघे वाकवतो, ती काय परीक्षा. त्याने ओढली. फळी वीतभर खाली आली आणि थांबली. तुमचे बाबूजी खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, ते परत बसले.

बसवणारा स्वतः फळीवर उभा राहतो, ही माझी रीत. पुलीला मी येईपर्यंत हात लावू नका. पाय दुखतो आहे, महिन्याभरात येतो.

झुलाल


जळगाव, २३ जानेवारी १९७०

नाना,

(तोताराम नाना म्हणतो, मग मीही म्हणतो, चालेल ना?)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा तोतारामला वाचून दाखवलं. तो इतका खूश झाला की सगळ्या हमालांना गोळा केलं आणि सुतळी कशी ओढली त्याची नक्कल करून दाखवली. भागाबाई खाली तूर झाडते, ती म्हणाली, "तुन्ही सुतळी आयकी आयकी मना कान पिकनात." पण ऐकत उभी होतीच.

मग मी फळीखाली बॅटरी घेऊन गेलो. नाना, तुमचा घोडा दिसतच नाही. तिथे नारळाएवढा एक लाल गोळा आहे. धाग्यांवर धागे, त्यावर शेंदूर आणि तेल, दगडासारखा कडक. तोताराम म्हणाला, दसऱ्याला नऊच्या नऊ हमाल आपापला धागा बांधतात, पहिला धागा त्याचा. सकाळी कामाला लागायच्या आधी सगळे त्याला हात लावून जातात. मी विचारलं, मोटरला का नाही बांधत? तर म्हणतो, "मोटर शेठनी शे. घोडा आम्हना शे."

मला ते फार आवडलं.

पुली मुंबईहून मागवली आहे. तुम्ही रागावू नका, मी हिशोब तीनदा तपासला आहे. तुम्ही याल तेव्हा नव्या स्पीडवर चालवून दाखवतो.

अभय


धुळे, २९ जानेवारी १९७०

अभयशेठ,

हे पत्र मिळेल त्या दिवशी लिफ्ट बंद करा. पुलीचं नंतर बोलू.

तो गोळा घोड्यावरच बसला आहे. धागा बांधायला माझी ना नव्हती. त्यांचा जीव त्यावर आहे, बांधणारच. पण दरवर्षी दिवाळीनंतर मी यायचो आणि धागे काढून घ्यायचो. तोतारामला वाटायचं, नाना धागे नदीत सोडायला नेतात. नेत होतोच. पण दात मोकळे राहावेत म्हणून. त्याला हे सांगितलं नाही, ती माझी चूक. त्रेसष्टला शेवटचा आलो. पुढच्या वर्षी तुमच्या बाबूजींनी निरोप दिला, नुसता धागा काढायला धुळ्याहून माणूस कशाला. म्हणजे सहा दसरे झाले. नऊ हमाल, सहा दसरे, चोपन्न धागे. त्यात शेंदूर. स्प्रिंगला एवढा जोर नाही.

काढायचं कसं ते लिहितो. सुरी लावू नका. स्प्रिंगला ओरखडा बसला तर पुढे तिथूनच तुटते. फडकं रॉकेलमध्ये भिजवून गोळ्याभोवती गुंडाळा, एक पूर्ण दिवस ठेवा. मग खालून वर, उलटा सोडवत जा. धागा आपोआप येतो. दात हाताने मिटून सोडून बघा, खटकन बाहेर आले पाहिजेत.

आणि तोतारामला जवळ बसवा, त्याला सगळं सांगा. त्याच्या पाठीमागे काढू नका.

एक दिवसाचं काम आहे. एक दिवस पोती थांबली तर तूर काही उगवायची नाही.

झुलाल


जळगाव, १९ फेब्रुवारी १९७०

नाना,

वाईट बातमी आहे. शनिवारी, १४ तारखेला दुपारी, लिफ्ट पडली. तिसऱ्या मजल्यावरून. तोताराम नेहमीसारखा पोती धरून फळीवर उभा होता. दोर वर पुलीपाशी तुटला. उजवा पाय पोत्यांखाली आला. सिव्हिलमध्ये गुडघ्याखाली काढावा लागला. भागाबाईच्या खांद्यावर एक पोतं आलं, तिचा हात गळ्यात बांधला आहे.

मी तिथेच होतो. आवाज फार मोठा नव्हता. मला वाटलं होतं, असं काही झालं तर खूप मोठा आवाज होत असेल.

तुमचं १७ जानेवारीचं पत्र मिळालं होतं. त्यानंतर तुमचं काहीच आलं नाही. मी वाट बघत होतो.

घोडा लागला नाही, नाना. का लागला नाही, हे मला कळत नाही. रविवारी मी त्या गोळ्याला रॉकेलचं फडकं गुंडाळून ठेवलं, सोमवारी सुरी न लावता खालून वर सोडवला. दात मोकळे झाले, हाताने दाबले की खटकन बाहेर येतात. मंगळवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. त्यांनीही दाबून पाहिलं. म्हणाले, मोकळा आहे, तरी धरला नाही, म्हणजे मुळात बसवण्यात खोट आहे. बाबूजी म्हणाले, धुळ्याच्या मिस्तरीने बसवला होता, साधा मिस्तरी, शिकलेला नव्हे. इन्स्पेक्टरांनी तुमचं नाव लिहून घेतलं.

मी तिथे उभा होतो. तुम्हाला कळावं म्हणून लिहितो. स्प्रिंग तेव्हाच कमी जोराची घेतली होती का?

अभयकुमार


धुळे, १ मार्च १९७०

अभय,

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी तोतारामचा पाय गेला त्या ओळीपुढे काही वाचता आलं नाही.

सरकारी नोटीस काल आली. २ एप्रिलला जळगावला हजर राहायचं. इथल्या एका कापसाच्या जिनमध्ये प्रेस बसवायचं काम ठरलं होतं. त्या मालकाचा निरोप आला, "नाना, जरा थांबा, जळगावचं काय ते होऊ द्या." बेचाळीस वर्षांत मला कोणी थांबा म्हटलं नव्हतं.

आता माझा एक प्रश्न. रॉकेलचं फडकं, एक दिवस, सुरी नाही, खालून वर. ही रीत तुला कोणी सांगितली?

ती माझी रीत आहे. कोणाकडून शिकलो नाही, कोणाला शिकवली नाही. तोतारामसुद्धा जेवायला गेलेला असायचा तेव्हा मी हे करायचो. जन्मात एकदाच ती कागदावर लिहिली, २९ जानेवारीच्या पत्रात. जे तुला मिळालं नाही.

मी पत्रांची नक्कल ठेवत नाही. तू ते फाडलं असशील तर माझ्याजवळ काही नाही. हे तुला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

झुलाल


जळगाव, ८ मार्च १९७०

नाना,

फाडलेलं नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे. बिस्किटाच्या डब्यात धागे आहेत आणि त्याखाली पत्र.

२ फेब्रुवारीला मिळालं. त्याच दिवशी मुंबईहून पुली आली होती, पॅकिंगमध्ये, चकचकीत. मी तुमचं पत्र वाचलं आणि खरंच बाबूजींकडे गेलो. म्हटलं, एक दिवस लिफ्ट बंद ठेवू या. ते म्हणाले, स्टेशनवर वॅगन उभी आहे, रविवारी बघ. तो रविवार आला आणि मी पुली बसवली. एका रविवारात दोन कामं होणार नव्हती. धागे काढायचं पुढच्या रविवारवर टाकलं. मला स्पीड बघायचा होता, नाना. दुसरं काही कारण नाही. एक मिनिट अठ्ठावीस सेकंद आले. मी हमालांना पेढे दिले.

पुली दोराच्या रेषेत बसली नव्हती. दोर कडेला घासत होता. सहा दिवस घासला. पुढचा रविवार यायच्या आदल्या दिवशी तुटला.

इन्स्पेक्टर यायच्या आधी धागे काढले ते मी घाबरून. आधी वाटलं, मी नुसतं बघतो आहे. पण गोळा सुटत गेला तसं मला कळत होतं की मी काय करतोय, आणि तरी मी थांबलो नाही. बाबूजींना पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चुलीत टाक. मिस्तरी म्हातारा आहे, त्याचं काय जाणार आहे? तुझं आयुष्य जायचं आहे."

भागाबाई कामावर आली आहे, एका हाताने झाडते. मी जवळून गेलो की माझ्याकडे न बघता बोलते, "नवं चाक बसाडं, जुना माणूस पाडा." बाकीचे ऐकून घेतात. कोणी तिला गप्प करत नाही.

तोतारामकडे रोज जातो. काल तो काय म्हणाला ते लिहितो. म्हणाला, "भाऊ, यंदा धागा बांधताना मनाच हात चुकना व्हई. नहीतर घोडा मले सोडताच ना." तो माझी समजूत काढत होता.

केळी तिथे ठेवली आणि निघालो.

अभय


धुळे, १३ मार्च १९७०

अभय,

खरं लिहिलंस, ते वाचलं.

२ तारखेला मी येणार. मला विचारतील, धागे काढायचं कोणाला कळवलं होतं का? मी सांगेन, पत्र लिहिलं होतं. ते म्हणतील, पुरावा? मी म्हणेन, माझ्याजवळ नाही. तुझं नाव घेणार नाही. तुझ्या बाबूजींचंही नाही. पत्र तुझ्याजवळ आहे, म्हणजे ते तुझं आहे.

माझं काय जाणार, हे शेठजींनी बरोबर ओळखलं नाही. पण ते राहू दे.

तोतारामचा हात चुकला नव्हता. हे त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे. मी सांगू की तू, एवढं कळव.

झुलाल


जळगाव, २८ मार्च १९७०

नाना,

तुम्हाला २ तारखेला यायची गरज नाही. इन्स्पेक्टरांचं पत्र येईलच, पण माझं आधी पोचावं म्हणून लिहितो.

बुधवारी मी त्यांच्या ऑफिसात गेलो. बिस्किटाचा डबा टेबलावर ठेवला. ते म्हणाले, हे काय? मी झाकण उघडलं. शेंदराचा वास सगळ्या खोलीत पसरला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही आलात तेव्हा हे घोड्यावर नव्हतं, कारण आदल्या दिवशी मी काढलं. मग तुमचं पत्र दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, तारीख पाहिली, पोस्टाचा शिक्का पाहिला. विचारलं, "कधी मिळालं?" मी सांगितलं. विचारलं, "पुली कोणी बसवली?" तेही सांगितलं. त्यांनी धागे मोजायला लावले. शिपाई आणि मी खाली बसून मोजले. काही कुजले होते, टोकं जुळवावी लागली. चोपन्न भरले.

माझ्यावर आणि बाबूजींवर केस होईल. तुमचं नाव कागदातून काढलं, ते माझ्यासमोर लाल शाईने खोडलं. जिनवाल्यांना तसं पत्र द्यायला मी सांगितलं आहे, ते देतो म्हणाले.

बाबूजी माझ्याशी बोलत नाहीत. ताट एकाच पंगतीत असतं, पण मीठ हवं असेल तर ते आईकडे मागतात, मीठ माझ्यापुढे असलं तरी.

लिफ्टला सील आहे. पुन्हा नीट बसवून, परीक्षा घेऊन दाखवली तर सील काढतील. हमाल पाठीवर पोती घेऊन तीन मजले चढतात. नाना, तुम्ही याल का? पुली मी काढून टाकली आहे.

तोतारामला मात्र मी अजून सांगितलेलं नाही. इन्स्पेक्टरांना सांगता आलं. त्याला नाही. तीन वेळा त्या कॉटपर्यंत गेलो. तुम्ही विचारलं होतं, मी सांगू की तू. तुम्ही सांगा. ही भित्रेपणाची गोष्ट आहे, मला माहीत आहे.

अभय


धुळे, २० एप्रिल १९७०

अभय,

जिनचं काम परत मिळालं. ते आटोपून, रविवारी ३ मे रोजी सकाळच्या एसटीने येतो. नवा दोर मी आणतो. जुनी पुली तू रॉकेलने धुऊन ठेव. रॉकेल कसं वापरायचं ते तुला येतं.

गेल्या गुरुवारी मी जळगावात येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही. सिव्हिलमध्ये तोतारामजवळ तासभर बसलो. सगळं सांगितलं. धागे मी कशासाठी न्यायचो तेही सांगितलं, त्यात माझी चूक आहे तेही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "भाऊले माहीत व्हतं?" मी म्हटलं, होतं. पत्र मिळालं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी उठलो नाही. नर्स येऊन गेली. मग म्हणाला, "मग मना हात चुकना नही." मी म्हटलं, नाही. "नाना, हाई परत सांग." मी परत सांगितलं. तीनदा सांगायला लावलं त्याने.

तुझ्याबद्दल काही बोलला नाही. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

जाताना त्याने विचारलं, लिफ्ट परत चालू करणार का? मी म्हटलं, हो, परीक्षा घेऊन. म्हणाला, फळीवर कोन उभा ऱ्हाई? मी म्हटलं, बसवणारा उभा राहतो, ही रीत आहे. या वेळी मी सांगेन तसं बसवणार अभय. दोर, पुली, घोडा, सगळं त्याच्या हाताने.

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला.

तर ३ मेला असं करायचं. दहा पोती, दुसऱ्या मजल्याची उंची. कडीत लाकडी खीळ, खिळीला सुतळी. बाबूजींसाठी खुर्ची ठेव, ते आले तर बसतील. दुसरी खुर्ची तोतारामला ठेव, तो कुबड्यांवर येणार आहे, तसं त्याने कळवलं आहे. धागा त्या दिवशी कोणी बांधणार नाही. पुढे बांधायचाच असला तर खांबाला बांधतील, हे तोतारामनेच ठरवलं.

फळीवर तू उभा राहशील. हात पोत्यांना टेकवायचे नाहीत, बाजूला सोडायचे. वर बघायचं नाही.

सुतळी तोतारामच्या हातात राहील. तो कधी ओढणार, ते मी त्याला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

झुलाल